आवृत्ती बदलण्याआधी फायली मोजा

महाविद्यालयात नवे ऑफिस सॉफ्टवेअर आणायचे ठरले की तयारीच्या नावाखाली साधारणपणे तीनच गोष्टींची चर्चा होते: परवाने किती घ्यायचे, जुने संगणक ते पेलतील का आणि प्रशिक्षणाचा दिवस कोणता ठेवायचा. या तिन्ही गोष्टी लागतातच, याबद्दल वाद नाही. पण त्या चोख पार पाडूनही पहिल्याच परीक्षेच्या वेळी काम अडू शकते, कारण नवे सॉफ्टवेअर ज्यावर चालवायचे आहे त्या वर्षानुवर्षांच्या फायलींचा विचार या चर्चेत सहसा होत नाही. निकालाचे तक्ते, दाखल्यांचे नमुने, प्रश्नपत्रिका, हजेरीपट आणि शुल्काच्या नोंदी या सगळ्यांत महाविद्यालयाच्या कामाची रीत मुरलेली असते आणि ती रीत बहुतेक वेळा अन्यत्र कुठेही लिहून ठेवलेली नसते. म्हणून माझे मत असे आहे की, अपग्रेडची खरी तयारी फायलींच्या मोजणीपासून सुरू व्हावी, आणि त्या फायली रोज हाताळणाऱ्या लिपिकांना व अध्यापकांना निर्णय झाल्यावर नव्हे, तर निर्णयाच्या आधी बोलावले जावे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, आहे ते सॉफ्टवेअर नीट चालते आहे, मग हा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप वरवर शहाणपणाचा दिसतो, पण तो टिकत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००३चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, ऑफिस २०१०चा १३ ऑक्टोबर २०२० रोजी, तर ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आधार संपल्यावर सॉफ्टवेअर बंद पडत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. ते दिसायला पूर्वीसारखेच चालत राहते, फक्त त्यात नव्याने सापडणारी भगदाडे बुजवली जात नाहीत. एखाद्या लहान कार्यालयाला हा धोका काही काळ पत्करता येईल. महाविद्यालयाला तो पत्करता येत नाही, कारण तिथल्या प्रवेश विभागाचे कामच मुळी अनोळखी माणसांनी पाठवलेल्या फायली दिवसभर उघडण्याचे असते.

शिवाय आपण जागचे हललो नाही म्हणजे काहीच बदलले नाही, असेही नसते. वर्डमध्ये गणिती सूत्रे लिहिण्यासाठी ‘इक्वेशन एडिटर ३.०’ नावाचे एक छोटे साधन पूर्वीपासून जोडलेले होते. त्याची मूळ फाइल २००० साली तयार झालेली होती आणि पुढच्या अनेक आवृत्त्यांत ती तशीच येत राहिली. २०१७च्या अखेरीस तिच्यात गंभीर सुरक्षादोष उघड झाला आणि जानेवारी २०१८च्या सुरक्षा अद्यतनातून मायक्रोसॉफ्टने ते साधनच काढून टाकले. ज्यांनी आवृत्ती बदलली नव्हती त्यांच्याही संगणकांवरून, अद्यतने चालू असतील तर, ते गेले. याचा अर्थ गणिताच्या किंवा पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाच्या टेबलावर कसा लागतो ते पाहावे. जुनी प्रश्नपत्रिका उघडते, सूत्र जिथल्या तिथे दिसते, छापलेही जाते. यंदा समीकरणातला एक सहगुणक तेवढा बदलायचा म्हणून सूत्रावर दोनदा क्लिक केले की मात्र ते दुरुस्तीसाठी उघडतच नाही. एका सूत्राचा प्रश्न असेल तर पाच मिनिटांत ते पुन्हा लिहिता येते. एका विभागाच्या सगळ्या प्रश्नसंचाचा असेल तर ती सुट्टीभर पुरणारी मजुरी ठरते. ती करायला कोणाला वेळ दिला जाणार, हा प्रश्न परवान्यांच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो विचारला जात नाही.

नवे सॉफ्टवेअर बसवले म्हणजे जुन्या मर्यादा आपोआप गेल्या, हा दुसरा गैरसमज. एक्सेलच्या २००३पर्यंतच्या आवृत्त्यांत एका शीटवर ६५,५३६ ओळी मावत. २००७पासून नव्या फाइल-प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींवर गेली. असे असूनही २०२०च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ बाधित रुग्ण काही दिवस दैनंदिन आकडेवारीतून आणि संपर्क शोधण्याच्या यंत्रणेतून गळाले, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेत जुन्या एक्सएलएस (२००३पर्यंतच्या) प्रकारच्या नमुन्यात भरली जात होती आणि मर्यादेपलीकडच्या ओळी त्यात येतच नव्हत्या. नवा फाइल-प्रकार उपलब्ध होऊन तेव्हा तेरा वर्षे उलटली होती. बदलायचा राहिला होता तो फाइलचा नमुना, आणि तो बदलणे कोणाच्या कामाच्या यादीत नव्हते. महाविद्यालयाच्या शुल्क-नोंदी इतक्या ओळींपर्यंत पोहोचणार नाहीत, हे खरे. पण ‘कम्पॅटिबिलिटी मोड’, म्हणजे फाइल जुन्याच प्रकारात उघडली आहे असे सांगणारे शब्द, खिडकीच्या माथ्यावर घेऊन वर्षानुवर्षे चालणाऱ्या फायली कोणत्याही कार्यालयात सापडतात आणि त्या तशा का ठेवल्या आहेत, हे विचारले तर उत्तर मिळतेच असे नाही.

फायली मोजायच्या म्हणजे सर्व्हरवरच्या हजारो फायलींची यादी छापायची असे नव्हे. ती यादी कोणीही वाचणार नाही. ज्या फायली बिघडल्या तर कोणाचे गुण चुकतील, कोणाचा पैसा चुकेल किंवा कोणाला दाखला मिळणार नाही, एवढ्याच आधी शोधाव्यात. त्या शोधण्याचा मार्गही सोपा आहे: परीक्षा विभागात, लेखा विभागात आणि प्रवेशाच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसावे आणि वर्षभरात कोणकोणत्या फायली उघडाव्या लागतात, हे त्याच्या तोंडून ऐकावे. संगणक विभागाला ठाऊक नसलेल्या गोष्टी अशा बैठकीत निघतात. निकालाचा तक्ता कधीकाळी एका उत्साही अध्यापकाने तयार केलेला असतो, त्यात एका बटणावर चालणारा मॅक्रो, म्हणजे अनेक कृती आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, असतो, तो अध्यापक केव्हाच निवृत्त झालेला असतो आणि बटणामागे काय लिहिले आहे हे कोणीही पाहिलेले नसते. तो चालतो म्हणून चालतो.

अशा मॅक्रोंना नव्या आवृत्तीत दोन ठिकाणी ठेच लागते. ऑफिस २०१९पासून स्थापनेच्या वेळी ६४-बिट (३२-बिटपेक्षा अधिक मेमरी वापरू शकणारी) आवृत्ती आपोआप निवडली जाते, आणि विंडोजच्या अंतर्गत सुविधा थेट बोलावणारा जुना ३२-बिट काळातला मॅक्रो तिथे दुरुस्तीशिवाय चालत नाही. ३२-बिट आवृत्ती निवडण्याची सोय आहे, पण ती बसवण्याच्या वेळी जाणीवपूर्वक निवडावी लागते. सगळ्या संगणकांवर सॉफ्टवेअर चढवून झाल्यावर ही गोष्ट लक्षात आली, तर काढून पुन्हा बसवण्याखेरीज इलाज नाही. दुसरी ठेच सुरक्षेच्या बाजूने लागते. इंटरनेटवरून किंवा ईमेलने आलेल्या फायलींतले मॅक्रो २०२२पासून मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला सुरुवात केली, आणि ते योग्यच केले. पण परीक्षा विभाग गुण भरण्याचा तक्ता विभागांना ईमेलने पाठवत असेल, तर अध्यापकाला फाइल उघडताच वर लाल पट्टी दिसते आणि बटण निर्जीव होते. अशा वेळी ओळखीतला कोणी तरी ‘सेटिंगमध्ये जाऊन सगळे मॅक्रो चालू करून टाका’ असा सल्ला देतो आणि ज्या सुरक्षेसाठी एवढा खर्च केला ती एका क्लिकमध्ये गमावली जाते. तक्ता ऑफिसच्या सेटिंगमध्ये विश्वासार्ह म्हणून नोंदवलेल्या जागी ठेवणे किंवा मॅक्रोवर डिजिटल स्वाक्षरी करणे हे उपाय आधीपासून ठरलेले असतील, तरच हा प्रसंग टळतो. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी त्याहून चांगला उपाय म्हणजे मॅक्रोच काढून साधी सूत्रे ठेवणे. पण ते ठरवण्यासाठी मॅक्रो काय करतो ते आधी समजून घ्यावे लागते, आणि त्याला पुन्हा वेळच लागतो.

छपाईचा प्रश्न किरकोळ वाटतो, म्हणून तो शेवटी ढकलला जातो. वर्डच्या २००३पर्यंतच्या आवृत्त्यांत नवा दस्तऐवज टाइम्स न्यू रोमन फॉन्टमध्ये उघडे. २००७पासून कॅलिब्री आला आणि ओळींमधले अंतरही वाढले. अलीकडे ॲप्टोस आला आहे. जुन्या फायली आपापली रचना सांभाळून असतात, पण नव्याने केलेला मजकूर नव्या रचनेत जातो आणि एका पानाचे पत्र दोन ओळींसाठी दुसऱ्या पानावर सांडते. आधीच छापून घेतलेल्या कोऱ्या गुणपत्रकांवर नाव आणि गुण छापायचे असतील, तर अर्ध्या सेंटिमीटरची सरकही पुरेशी असते. म्हणून प्रत्येक छापील नमुन्याची एक प्रत नव्या संगणकावरून, प्रत्यक्ष वापरातल्या प्रिंटरवर काढून, जुन्या प्रतीवर ठेवून उजेडात धरून पाहावी. याला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीची समान संकेतपद्धती) रुळण्यापूर्वीच्या काळातले, एकेका लिपीसाठी बनवलेले जुने फॉन्ट ज्या महाविद्यालयांत अजून वापरात आहेत, त्यांनी तर ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर नावांच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग उमटते.

प्रशिक्षणाबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. सभागृहात सगळ्यांना बसवून पडद्यावर नव्या सुविधा दाखवणारे एक दिवसाचे प्रशिक्षण हे बहुधा प्रशिक्षण झाल्याची नोंद करण्यासाठी असते. ऑफिस २००७मध्ये मेनू जाऊन ‘रिबन’, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली तेव्हा सर्वाधिक गोंधळ नवशिक्यांचा झाला नाही. तो झाला वर्षानुवर्षे काम करून हात बसलेल्यांचा, कारण आज्ञा कुठे आहे हे त्यांना आठवावे लागत नसे, हात आपोआप तिकडे जात असे. अशा अनुभवी लिपिकाला नव्या आवृत्तीत किती प्रकारचे आलेख काढता येतात, हे जाणून घ्यायचे नसते. त्याला त्याचा मेल मर्ज (एकाच पत्रात यादीतली नावे-पत्ते आपोआप भरण्याची सोय) हवा असतो, तोही उद्या सकाळी, कारण तीनशे विद्यार्थ्यांना पत्रे जायची असतात. त्याच्याच टेबलावर, त्याच्याच फाइलवर, त्याच्या कामाच्या क्रमाने एक तास शेजारी बसून दाखवलेले सभागृहातल्या दिवसभरापेक्षा अधिक उपयोगी पडते. त्यासाठी प्रत्येक विभागातून एक व्यक्ती आधी तयार करावी आणि ती इतरांना मदत करत असताना तिच्या वाट्याचे नेहमीचे काम कोण करणार, हे लेखी ठरवावे. हा दुसरा भाग नेहमी गाळला जातो. मदत करणारी व्यक्ती आपले काम संध्याकाळी थांबून उरकते, आणि अपग्रेड खर्चात बसले असा अहवाल तयार होतो. खर्च झालेला असतोच. तो फक्त त्या व्यक्तीच्या संध्याकाळींतून झालेला असतो.

‘नवी पिढी आपोआप शिकते’ असेही सांगितले जाते. विद्यार्थी फोनवर सफाईने बोटे चालवतात, यावरून ते शैली, तळटीपा आणि संदर्भ यांची नीट मांडणी केलेला प्रकल्प-अहवाल लिहू शकतील, असे अनुमान काढणे धाडसाचे आहे. इथे महाविद्यालयाची एक वेगळी अडचणही आहे. ऑफिस सॉफ्टवेअर हा तिथे केवळ कामाचा नव्हे, तर शिकवण्याचाही विषय असतो. प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शिकेत जुन्या पडद्यांची चित्रे असतात आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ‘अमुक मेनूतील अमुक आज्ञा’ विचारली जाते. सत्राच्या मध्यावर प्रयोगशाळेतली आवृत्ती बदलली, तर विद्यार्थ्याने जे शिकले आणि ज्याची परीक्षा द्यायची, ते वेगवेगळे होते. उपाय दुहेरी आहे: बदल सत्राच्या सीमेवरच करावा, आणि प्रश्न मेनूच्या नावाऐवजी कामाविषयी विचारावेत. दुसरा उपाय अपग्रेड नसतानाही करण्यासारखा आहे, पण तो विषयांतराचा भाग झाला.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या वादात मी इथे मुद्दाम शिरत नाही. मुक्त (कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरच्या बाजूने भक्कम युक्तिवाद आहेत. ओपन डॉक्युमेंट हा फाइल-प्रकार २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, मायक्रोसॉफ्टचा ओपन एक्सएमएल २००८मध्ये झाला आणि २०१०पासून लिब्रे ऑफिस हा सातत्याने विकसित होणारा पर्याय उपलब्ध आहे. पण निवड कोणतीही असो, अर्धवट बदल सर्वांत महाग पडतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या प्रशासनाने २००७मध्ये ओपन ऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरकडे जायचे ठरवले, मात्र त्याच्या जोडीला मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०००ही बराच काळ चालू राहिले. दोन्ही जुनी होत गेली, फायलींची देवाणघेवाण त्रासाची झाली आणि २०१२मध्ये तिथल्या नगरपरिषदेने मायक्रोसॉफ्टकडे परतण्याचा निर्णय घेतला. याउलट फ्रान्सच्या राष्ट्रीय जांदार्मरीने (लष्करी धाटणीच्या पोलीस दलाने) २००५मध्ये आधी फक्त ऑफिस सॉफ्टवेअर बदलले, त्यानंतर ब्राउझर आणि ईमेल बदलले आणि ही सगळी साधने लोकांच्या हाताला सवयीची झाल्यावर २००८पासून ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला घेतली. दोन्हीकडे मुक्त सॉफ्टवेअरच होते. महाविद्यालयाने यातून सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेविषयी निष्कर्ष काढू नये; क्रमाविषयी आणि जुने कधी बंद करायचे, याच्या तारखेविषयी काढावा.

आजकाल अपग्रेड म्हणजे बहुधा क्लाउडवरच्या खात्यांकडे जाणे असते, आणि तिथे जुन्या फायलींच्या जोडीला मालकीचा प्रश्न उभा राहतो. अध्यापकाने स्वतःच्या खात्यात बनवलेला विभागाचा तक्ता, तो नोकरी सोडून गेल्यावर आणि त्याचे खाते काढून टाकल्यावर, त्याच्यासोबत जातो. विभागाच्या फायली पहिल्या दिवसापासून सामायिक जागेत ठेवल्या, तर हा प्रसंग येत नाही. नंतर हलवायच्या म्हटल्या तर कोणाची कोणती हेच कळत नाही. फुकट मिळणाऱ्या जागेच्या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. शैक्षणिक संस्थांना गुगलने दिलेली अमर्याद साठवण २०२२पासून १०० टेराबाइटच्या सामायिक मर्यादेत आली आणि मायक्रोसॉफ्टनेही पुढे तशीच मर्यादा घातली. व्याख्यानांच्या चित्रफिती साठवणाऱ्या मोठ्या संस्थेला ही मर्यादा वाटते तितकी दूर नाही. आणि प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत ‘दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल’ हा पर्याय परीक्षा विभागाच्या खात्यांवर मुळातच बंद असावा. तो चुकून निवडला जाऊ नये अशी सूचना काढणे पुरेसे नाही.

एवढी सगळी तपासणी करायची तर वर्ष जाईल आणि तोवर आधार संपलेले सॉफ्टवेअर धोक्यात राहील, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्याचे उत्तर सगळे संगणक एकाच दिवशी बदलण्याचा हट्ट सोडण्यात आहे. बाहेरच्या फायली उघडणारे प्रवेशाचे आणि आवक-जावकीचे संगणक आधी बदलावेत. त्यांवर गुंतागुंतीचे तक्ते फारसे नसतात आणि धोका सर्वाधिक त्यांनाच असतो. अध्यापकांचे आणि प्रयोगशाळांचे संगणक सत्र संपल्यावर घ्यावेत. परीक्षा विभाग शेवटी, एक निकाल जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांत काढून आकडे ओळीने ताडून पाहिल्यानंतरच. हे वेळापत्रक पुरवठादाराच्या सोयीने किंवा आर्थिक वर्षाच्या अखेरीस निधी संपवण्याच्या घाईने ठरू नये, हे वेगळे सांगायला नको; तरी सांगतो, कारण बहुतेक वेळा ते तसेच ठरते.

जुन्या आवृत्तीचा एक संगणक नेटवर्कपासून तोडून परीक्षा विभागात ठेवावा, अशी माझी सूचना आहे. त्यावर फक्त न उघडणाऱ्या जुन्या फायली पाहायच्या, नवे काही करायचे नाही, आणि तो कधी बंद करायचा ती तारीख पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहायची. त्याच इतिवृत्तात परवान्यांच्या रकमेखाली आणखी एक ओळ असावी: फायली तपासणाऱ्या आणि सहकाऱ्यांना शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या जागी तेवढ्या काळासाठी लागणाऱ्या बदली मनुष्यबळाचा खर्च. ती ओळ कोरी ठेवून प्रस्ताव मंजुरीला आला, तर प्राचार्यांनी तो परत पाठवावा.